व्यापाराच्या वाटेवरील युद्धनौका

जागतिकीकरणाची चर्चा आपल्याकडे बहुधा आयातशुल्क, परकीय गुंतवणूक आणि शेअर बाजार यांच्यापाशीच थांबते. हा व्यापार ज्या सागरी वाटांवरून चालतो, त्या लष्करी बळाच्या पहाऱ्याखालीच खुल्या राहतात, हे मात्र सहसा बोलले जात नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात ‘गॅलेक्सी लीडर’ हे जहाज ताब्यात घेतले आणि त्यानंतरच्या हल्ल्यांमुळे अनेक मोठ्या कंपन्यांनी सुएझ कालवा टाळून आफ्रिकेला वळसा घालणे पसंत केले. न्हावा-शेवाहून युरोपला निघालेल्या नाशिकच्या द्राक्षांचा प्रवास त्यामुळे लांबला आणि भाडेही वाढले. नाशवंत मालाच्या बाबतीत हे दुखणे दुहेरी असते, हे बागायतदाराला वेगळे सांगायला नको.

अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये बहुराष्ट्रीय नौदल मोहीम जाहीर केली, पुढे युरोपीय संघानेही आपल्या युद्धनौका धाडल्या. भारत अमेरिकेच्या मोहिमेत सामील झाला नाही. मात्र आपल्या नौदलाने एडनच्या आखातात आणि अरबी समुद्रात स्वतंत्रपणे गस्त वाढवली आणि मार्च २०२४ मध्ये ‘रुएन’ या अपहृत जहाजावरील ३५ सोमाली चाच्यांना पकडून मुंबईत आणले. तांबड्या समुद्राच्या दक्षिण तोंडाशी असलेल्या बाब-एल-मंदेब या सामुद्रधुनीजवळच्या जिबूती या चिमुकल्या आफ्रिकी देशात अमेरिका, फ्रान्स, जपान आणि २०१७ पासून चीन यांचे तळ आहेत, तो काही योगायोग नव्हे. निर्यात धोरणाच्या आपल्याकडील चर्चेत वाणिज्य मंत्रालयाइतकेच नौदलाच्या तरतुदीलाही स्थान मिळावे, असे वाटते.

– एक वाचक, नाशिक