मेंदू नंतर बनवा, आधी सीटी स्कॅनवरचं फडकं काढा

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

मागच्या महिन्यात आमच्या तालुक्याच्या गावी तुमचं भाषण झालं. सुपरकॉम्प्युटरवर माणसाचा मेंदू उभा करणार, म्हणालात. टाळ्या मीही वाजवल्या. 'सीटी स्कॅन पंधरा दिवसांत सुरू' हेही त्याच भाषणातलं. विसाव्या दिवशी बाबांना वावरात लकवा मारला.

पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, डवरा थांबवून ते खालीच बसले, तोंड एका अंगाला गेलं. रुग्णालयात मशीन आहे, त्यावर निळं फडकं आहे, चालवणारा नाही. रुग्णवाहिका यायलाच दोन तास. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत आणि स्कॅन पाहूनच देतात. जिल्ह्याला पोचलो तेव्हा सात तास झाले होते. डॉक्टरांनी घड्याळाकडं पाहिलं, इंजेक्शनाचं नाव काढलं नाही.

अशा झटक्यात मिनिटाला सरासरी 19 लाख मेंदूपेशी मरतात. सात तासांच्या झाल्या 80 कोटी. (हिशोब मोबाइलवर केला, चुकला असेल तर सचिवांकडून दुरुस्त करून घ्या.) जपानच्या 'के' सुपरकॉम्प्युटरनं 2013 साली 173 कोटी मेंदूपेशींचं नकली जाळं चालवलं, त्यांच्या एका सेकंदाच्या कामाला 40 मिनिटं लागली. त्याच्या जवळपास निम्म्या पेशी तुमच्या खात्यानं एका कास्तकाराच्या डोक्यात एका दुपारी विझवल्या. विक्रमच म्हणायचा.

आता बाबा सगळ्यालाच 'पऱ्हाटी' म्हणतात. पाणी पऱ्हाटी, नातू पऱ्हाटी. माय हसते, अन् मग उगाच चूल फुंकत बसते.

दहा वर्षांत मेंदू उभा करतो, असं मेंदूशास्त्रज्ञ हेन्री मार्करमही 2009 साली म्हणाले होते. युरोपनं 2013 ते 2023 प्रकल्प चालवला. नकाशे मिळाले, साधनं मिळाली, अख्खा मेंदू काही झाला नाही. पण 2014 मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी खुलं पत्र लिहिलं, तर मध्यस्थ बसवावा लागला, कारभारी बदलावे लागले. आमच्या पत्राला आवक क्रमांक मिळतो. विदर्भाला विकासात वाटा देऊ म्हणणाऱ्या 1953 च्या नागपूर करारापासून आम्ही तेच गोळा करतो आहोत. तुम्ही अधिवेशनाला येता, संत्रा बर्फी घेऊन परत जाता, अनुशेष तेवढा इथंच राहतो.

मशीन चालवणारा कोणत्या तारखेला रुजू होणार, तेवढं लेखी कळवा. याच मागणीच्या मागच्या अर्जावर बाबांची सही होती. या अर्जावर अंगठा आहे.

आपला,
एक कास्तकाराचा पोरगा