शनिवारी दिवस मावळल्यावर निघेन

प्रिय आई-बाबा,
सलाम.

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी नुसतं "बरं" म्हणून फोन तुझ्या हातात दिला असता, आई, आणि तू रडली असतीस. म्हणून लिहितोय. या महिन्यापासून मी शब्बाथ, म्हणजे देवासाठी राखलेला विसाव्याचा दिवस, रविवारऐवजी शनिवारी पाळतो. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी मावळेपर्यंत काम नाही. ऑफिसात सांगून झालंय.

बाबा, मला कुणी फितवलेलं नाही. दहा आज्ञांतली चौथी, सातवा दिवस विसाव्याचा म्हणून पाळायची, तुम्हीच पाठ करून घेतलीत, सायकलच्या दांडीवर बसवून, शरणपूरच्या चर्चला जाताना. "सातवा दिवस" आला की तुम्ही घंटी वाजवायचात. तो सातवा दिवस रविवार नाही, हे मला आता डोळ्याआड करता येत नाही. इ.स. 321 मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनने रविवारी न्यायालयं आणि शहरातली कामं बंद ठेवायचा हुकूम काढला. तुम्ही म्हणाल, त्याच्या कितीतरी आधी, प्रेषितांच्या काळातच शिष्य आठवड्याच्या पहिल्या दिवशी भाकर मोडायला जमत, आणि प्रभू येशू मेलेल्यांतून उठला तोही त्याच दिवशी. खरंय. पण जमणं निराळं आणि विसाव्याचा दिवस हलवणं निराळं, असं मला वाटतं. तुमचा रविवार चुकीचा, असं मात्र मी कधी म्हणणार नाही. कुणी एखादा दिवस विशेष मानतो, कुणी सगळे सारखे, त्यावरून एकमेकांना दोष देऊ नये, हा बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय तुम्हीच मला वाचून दाखवला होता.

आपल्या चर्चची मंडळी मी सोडलेली नाही. रविवारी बाबांच्या गुडघ्यांना रिक्षाची दगदग नको, गाडीतून मीच नेईन आणि तुम्हा दोघांच्या मध्ये बसेन, पूर्वीसारखा. उपदेश लांबला की आईच्या पर्समधून पेपरमिंटची गोळी हळूच माझ्या हातात यायची. आता ती गोळी तिथेच ठेव, आई, शुगर उतरली तर तुलाच लागेल.

इन्सुलिन घेऊन उपाशी चर्चला जायचं नाही. बाबांनी टाकीवर चढायचं नाही. आणि शनिवारी चक्कर आली तर लगेच फोन करायचा. "त्याचा शब्बाथ आहे" म्हणून थांबलात तर मी खरंच रागावेन. वाळलेल्या हाताचा माणूस प्रभूने शब्बाथालाच बरा केला.

पुण्याहून शनिवारी दिवस मावळल्यावर निघेन, पोचायला मध्यरात्र होईल. जागत बसू नका. किल्ली माझ्याकडे आहे, फक्त आतली कडी लावू नका. आणि मटण रविवारीच कर, आई.

तुमचा,
बाळू