पूरक्षेत्रातील शेतजमीन रहिवासी करण्यास हरकत

महोदय,

कोल्हापुरात जयंती नाल्याकाठी आमच्या वसाहतीच्या मागे असलेली शेतजमीन शेती विभागातून वगळून रहिवासी विभागात घेण्याचा प्रस्ताव, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ अन्वये, हरकतींसाठी जाहीर झाला आहे. माझी लेखी हरकत मी मुदतीत दाखल केली आहे.

आमच्याकडे पुराचे पाणी थेट नदीवरून येत नाही. पंचगंगा फुगली की नाल्याचे पाणी तिच्यात जायचे थांबते, उलट मागे सरकते, आधी या शेतात पसरते आणि शेत भरल्यावरच परड्यातून आमच्या घरात शिरते. २०१९ मध्ये शेत भरेपर्यंत जो अवधी मिळाला, तेवढ्यात आम्ही गव्हाची पोती माळ्यावर चढवली आणि सासूबाईंना खुर्चीसकट उचलून शाळेत नेले. जुलै २०२१ मध्ये पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यावर, जिथे नदीची पातळी मोजतात, पाणी ५६ फुटांवर गेले. धोका पातळी ४३ फुटांची आहे. दोन्ही पुरांच्या रेघा स्वयंपाकघराच्या भिंतीवर आहेत, २०१९ ची फळीच्या खाली आणि २०२१ ची फळीच्या वर. रंग देताना तेवढी भिंत मी मुद्दाम सोडली.

जमीन निळ्या पूररेषेच्या (साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द) बाहेर असून ही निळी आणि लाल (१०० वर्षांतून एकदा येणाऱ्या मोठ्या पुराची हद्द) या रेषांच्या मधल्या भागात जोते लाल रेषेच्या वर घेऊन बांधकाम करता येते, असे प्रस्तावाच्या बाजूने सांगितले जाते. नियम तसा आहे, हे मला मान्य आहे. परंतु उंच जोत्याने तिथे राहायला येणाऱ्यांचे घर वाचेल. त्यासाठी टाकलेल्या भरावाने जेवढी जागा अडेल, तेवढे पाणी शेजारच्या सखल घरांकडेच वळणार आहे. निर्णय व्हायच्या आधीच रात्री डंपर येऊ लागले असून शेताचा नाल्याकडचा कोपरा आमच्या कुंपणाच्या भिंतीएवढा उंच झाला आहे, ही तर उघड मनमानी आहे.

जमीनमालकाला मोबदला मिळू नये, असे माझे म्हणणे मुळीच नाही. ती जागा मोकळी ठेवण्यासाठी रीतसर संपादित करून त्यांना योग्य भरपाई किंवा टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) द्यावा. तोवर टाकलेला भराव पावसाळ्यापूर्वी काढून घ्यावा आणि जमिनीची मूळ पातळी मोजून ती सुनावणीत मांडावी. ही सुनावणी केवळ नकाशावर न उरकता संबंधित अधिकाऱ्यांनी एकदा आमच्या परड्यात उभे राहून तो कोपरा पाहावा; भिंतीवरच्या रेघा दाखवायला मी घरीच असेन.

– एक पूरग्रस्त रहिवासी, कोल्हापूर