नाव सांगू नका म्हणालात, म्हणून असंच थँक्यू

आईच्या आजारपणात आपल्या चर्चच्या मंडळीतल्या ज्यांनी ज्यांनी धावपळ केली त्या सगळ्यांचे मनापासून आभार, नावं घेत नाही कारण तुम्हीच दम दिलाय. मला आधी वाटायचं कृपादान (देवाने सेवेसाठी दिलेली देणगी) म्हणजे स्टेजवरचं काहीतरी, उपदेश, आत्म्याने अनोळखी भाषा बोलणं, आजार बरे करणं, पण बायबलमध्ये करिंथकरांस पहिल्या पत्रात 12:28 ला बघा, मदत करणारे आणि व्यवस्था बघणारे त्याच यादीत आहेत, आणि ते मला हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून कळलं. एकीने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे फाईलला लावले, रात्री कोण थांबणार त्याचं टाईमटेबल मोबाईलवर टाकलं, आणि डॉक्टरांनी जुना रिपोर्ट मागितला तेव्हा दोन सेकंदात काढून दिला (मी अजून पिशवीतच शोधत होतो). दुसरी ताई तर फार बोललीच नाही, आईची नखं कापत बसली, हळूहळू, एकेक बोट धरून, आणि त्या दिवशी आई कितीतरी दिवसांनी हसली. बायबलमध्येच रोमकरांस पत्रात 12:8 मध्ये दया हसतमुखाने करा असं आहे ना, ते हेच असणार. आणि ज्याने बिलात गुपचूप भर घातली त्या भावा, काउंटरवाल्याने नाव नाही सांगितलं, पण मला डाऊट आहे, रविवारी उपासनेनंतर पळून जाऊ नकोस.