यंदा राजगड झाला नाही

बलिप्रतिपदा, रात्री

प्रिय बंड्या,
सप्रेम नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर तू मधेच हसला असतास आणि विषय तिथेच बुडाला असता, म्हणून लिहितोय. आईचे गुडघे आहेत तसेच, माझी शुगर आटोक्यात. आता मुद्द्याचं. यंदाच्या दिवाळीत आमच्याकडे मातीचा राजगड झाला नाही.

थोरला बारावीत. क्लास, चाचण्या, पुन्हा क्लास. एरवी नवरात्र संपलं की विटा आणि पोती तोच माळ्यावरून काढायचा. यंदा वसुबारसेच्या आधीच मी मातीचं पोतं आणून ठेवलं, तर म्हणाला, "बाबा, तुम्ही करा ना. तुम्हालाच जास्त आवडतं." चिडून नाही रे, अगदी मायेनं म्हणाला. म्हणूनच लागलं. म्हणजे इतकी वर्षं संजीवनी माचीचे तीन टप्पे आणि तिची ती दुहेरी तटबंदी तो माझ्यासाठी करत होता की काय? सुवेळा माचीचं नेढं, ते कातळातलं आरपार भोक, करायला काडीनं माती कोरायचा तेव्हा जीभ बाहेर यायची त्याची. ते काय माझ्यासाठी होतं?

धाकटीनं तर वेगळंच काढलं. बिल्डिंगमधल्या पोरींना घेऊन खाली पार्किंगच्या कोपऱ्यात किल्ला करणार म्हणाली. कुठला? तर जिंजी! जुलैत युनेस्कोनं बारा किल्ले यादीत घेतले ना, अकरा आपल्याकडचे आणि एक तमिळनाडूतला, तो नेमका हिनं उचलला. म्हटलं, महाराजांनी 1677 मध्ये घेतला हे खरं, पण दिवाळीत जिंजी कोण करतं? तर मलाच ऐकवते, "रायगडाला वेढा पडला तेव्हा राजाराम महाराज तिथेच गेले ना? आठ वर्षं लागली मोगलांना." मी गप्प. तू असतास तर तूही गप्प झाला असतास, आणि तुला गप्प करणं किती अवघड आहे ते नानांनी आयुष्यभर सांगितलं.

राजगिरी, कृष्णगिरी, चंद्रगिरी, तीन डोंगर तीन पोरींनी वाटून घेतले. विटांवर ओलं पोतं टाकून वर चिखल. राजगिरीवर जाताना मधे खोल भेग आहे, तिच्यावर आइस्क्रीमच्या काडीचा पूल टाकला. उतारावर अळीव पेरले, धनत्रयोदशीपर्यंत हिरवे झाले. पण कृष्णगिरीचा चिखल पातळ झाला होता, सारखा ओघळत होता. माझे हात शिवशिवत होते. पुढे झालो तर, "बाबा, तुम्ही लांबूनच सांगा." मग काय, स्कूटरला टेकून उभा राहिलो आणि लांबून सांगत बसलो.

तेव्हा तुझा सिंधुदुर्ग आठवला. समुद्र हवा म्हणून अंगणात प्लास्टिक अंथरून बादल्या ओतल्यास, आणि रात्रीतून आक्काच्या रांगोळीसकट सगळा किल्ला गटारात. वर म्हणालास, भरती आली! आणि तटावर तो प्लास्टिकचा गेंडा ठेवण्यावरून झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही, लक्षात ठेव.

मला खरं खातंय ते हे. पुढच्या वर्षी थोरला हॉस्टेलला असेल. धाकटी नववीत जाईल, मग दहावी. आपला शेवटचा किल्ला कुठला रे? मी म्हणतो दहावीच्या वर्षीचा प्रतापगड. पण त्या दिवाळीत तर तुझा हात प्लास्टरमध्ये होता, मग बुरूज कोणी लिंपले? हा शेवटचा, असं आपल्याला कुणीच सांगितलं नव्हतं. आपण नुसते पुढच्या वर्षी क्रिकेट खेळायला गेलो. नाना अंगणात एकटेच उभे राहिले असतील का, हे मला आत्ता, या वयात सुचतंय. तुझ्या आईला विचारून बघ, तिला आठवत असेल.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मात्र एक झालं. थोरला क्लासहून आला, खांद्यावर सॅक तशीच, किल्ल्यापुढे उकिडवा बसला आणि म्हणाला, "वेढा कुठाय?" उरलेले मावळे घेऊन त्यानं तिन्ही डोंगरांभोवती झुल्फिकारखानाची फौज मांडली. यावर धाकटी भडकली. आपले मावळे मोगल कसे होतील? दोघं तावातावानं भांडली, खालच्या काकू बाहेर आल्या. शेवटी मावळ्यांच्या पगड्यांना हिरवा कागद चिकटवायचा असा तह झाला. मी वर जाऊन बायकोला म्हटलं, चल, खाली चल आधी. ती कणकेच्या हातानंच आली.

तुझं काय? फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींची बदली रद्द झाली असं आक्का म्हणत होती, खरं का? लेकीच्या दाताचं कळव.

आणि तुझ्या आईच्या माळ्यावर ती पत्र्याची पेटी आहे, तिच्यात आपले जुने मातीचे मावळे असतील. मान तुटलेलेही चालतील, मोगल म्हणून लागणार आहेत. राजगड पुढच्या वर्षी मी बाल्कनीत करणार, कोणी हाताखाली असो नसो. वसुबारसेला रजा टाकून ये. रायगड करू म्हणालास तर स्टेशनावरूनच परत पाठवीन.

तुझाच,
पप्या