गाडीच्या एसीचा क्लच सोडवणाऱ्या काकांस

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. आंब्याची पेटी पाठवली तर "आमच्या झाडाचेच संपत नाहीत" म्हणून परत केलीत. वर नाव कुठे लिहू नकोस असंही बजावलंत. नाव लिहीत नाही. पण चारचौघांत आभार मानल्याशिवाय मला राहवत नाही, कारण तुम्ही जे शिकवलंत ते आणखी कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

ऐन मे महिन्यात आईला तपासणीसाठी कोल्हापूरला न्यायचं होतं. तिची तब्येत बघता आंबा घाटातून एसीशिवाय नेण्याची माझी हिंमत नव्हती. आणि नेमकी बॉनेटखालून घरघर सुरू झाली. एका गॅरेजने सांगितलं, कंप्रेसर गेला, अख्खा बदला, गॅस नव्याने भरा. आकडा ऐकून मी घरी आलो, तेव्हा तुम्ही फाटकाशी उभे होतात. "एसी बंद कर बघू," म्हणालात. बंद केला तरी आवाज तसाच. चालू केला तर हवा गारेगार. "गार हवा देतोय तो कंप्रेसर गेला कसा? पुलीचं बेरिंग आहे ते."

पुली म्हणजे इंजिनच्या पट्ट्याने फिरणारं चाक. एसी लावा अथवा लावू नका, इंजिन चालू आहे तोवर ती फिरतेच. एसी लावल्यावर कॉइलमध्ये करंट जातो, ती चुंबक बनते, पुढची प्लेट पुलीला चिकटते आणि मग कुठे कंप्रेसरचा शाफ्ट, म्हणजे मधला दांडा, फिरू लागतो. हा सगळा क्लच कंप्रेसरच्या बाहेर बसलेला असतो. तो काढताना गॅस आत रोखणाऱ्या शाफ्टच्या सीलला हात लागत नाही, म्हणून गॅसही सोडावा लागत नाही. हे कळलं आणि मला केवढा धीर आला!

पण खरी परीक्षा पुढेच होती. आपल्या रत्नागिरीचा खारा वारा लोखंडाला सोडत नाही. प्लेट शाफ्टच्या खाचांवर अशी गंजून बसली होती की हलायचं नाव घेईना. त्याआधी मधला, १० नंबरच्या पान्याचा बोल्टच अडला, कारण पाना लावला की प्लेटच गरगर फिरायची. तिथे तुम्ही जे केलंत ते मी कधी विसरणार नाही. इंजिन बंद, पट्टा जागेवर, आणि कॉइलला बॅटरीतून थेट १२ व्होल्ट. कट् आवाज झाला, प्लेट पुलीला चिकटली, पुली पट्ट्याने धरली आणि बोल्ट सुटला. लगेच वायर काढायला लावलीत, कारण जागच्या जागी करंट देत राहिलं तर कॉइल तापून जळू शकते. मग पट्टा उतरवून माझा हात धरून दोन्ही फिरवून दाखवलंत. पुली खरखरत होती, पुढची प्लेट मात्र एकसारखी, जड पण गुळगुळीत फिरत होती. कंप्रेसर शाबूत असल्याची खात्री मला माझ्या बोटांनी झाली.

मी तीन पायांचा पुलर आणला होता. तो तुम्ही बाजूला ठेवलात. "कडेला ओढलंस तर प्लेट वाकेल. जोर मधे लागला पाहिजे." हातोडा तर जवळही येऊ दिला नाहीत. शाफ्टवर बसलेला घाव आत कंप्रेसरला लागतो आणि सीलही जातं. गॅसचा दिवा लावून तापवू का, असं विचारल्यावर तुम्ही पहिल्यांदाच आवाज चढवलात. आत एसीचा गॅस, आर-१३४ए, दाबाखाली असतो. आच लागून तो बाहेर आला तर जाळाशी त्याचा विषारी वायू होतो. तो चढलेला आवाज काळजीचा होता, काका.

प्लेटच्या मध्यभागी आतून ८ एमएमचे आटे असतात, हे तुम्ही टॉर्च मारून दाखवलंत. अशा बऱ्याच क्लचांत शाफ्टचा बोल्ट ६ एमएमचा असतो. तो निघाला की त्याच भोकात ८ एमएमचा बोल्ट पिळायचा. तो शाफ्टला टेकतो आणि प्लेट बाहेर ढकलली जाते. शाफ्टचे आटे चेपू नयेत म्हणून मधे घालायला तुम्ही पितळेची चकती घासून आणलीत. गंज सोडवणारं तेल थेंब थेंब, फक्त मधोमध. घासणाऱ्या तोंडावर तेल गेलं की क्लच घसरतो. रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी उकळत्या पाण्यात पिळलेला फडका मधल्या भागावर धरायचा, बोल्ट पाव फेरी पिळायचा, थांबायचं. पुन्हा फडका, पुन्हा पाव फेरी. एसटीच्या वर्कशॉपात आयुष्य घालवलेला माणूस स्टुलावर बसून मला घाई करू देत नव्हता. टक् करून प्लेट सुटली तेव्हा तांबडी भुकटी तळहातावर पडली आणि तुम्ही आधी विचारलंत, "शिमा कुठायत?" शिमा म्हणजे प्लेट आणि पुलीमधली फट जुळवणारे पातळ वॉशर. त्या प्लेटला आतून गंजाने चिकटल्या होत्या. हरवल्या असत्या तर जोडताना फट बसली नसती.

पुलीला जागेवर धरणारी कडी म्हणजे सर्क्लिप काढणं, पुली उतरवणं, एमआयडीसीत जुनं बेरिंग दाबून काढणं, नवं बसवणं, हे त्या मानाने भराभर झालं. सर्क्लिप काढताना मात्र माझ्या डोळ्यांवर तुमचा चष्मा चढवलात, आणि तिची तिरकी कड बाहेरच्या बाजूला आली पाहिजे हे दोनदा सांगितलंत. शेवटी फीलर गेजच्या पातळ पट्ट्यांनी प्लेट आणि पुलीमधली ती फट तीन ठिकाणी मोजायला लावलीत. या प्रकारात ती साधारण ०.३५ ते ०.६५ मिलिमीटर असते. जास्त झाली की कॉइल तापल्यावर प्लेट ओढली जात नाही, आणि एसी नेमका भर दुपारी बंद पडतो.

आई कोल्हापूरला जाऊन आली. घाटात झोपली होती.

काका, तुम्ही स्वतः करून दिलं असतं तर कितीतरी लवकर उरकलं असतं. तुम्ही पाना माझ्या हातात दिलात आणि दोन दिवस तुमचे गुडघे दुखत असताना माझ्या अंगणात बसलात. तेवढा वेळ माझ्यासाठी फार कुणी काढलेला नाही. मनापासून आभार.

चकती आणि ८ एमएमचा बोल्ट पुसून डबीत घातलाय, पण अजून परत देत नाही. गल्लीच्या टोकाच्या भाऊंच्या गाडीलाही तीच घरघर लागली आहे. रविवारी सकाळी मी ती उघडणार आहे. तुम्ही फक्त स्टूल घेऊन या, चहा आई करणार आहे.

आपला,
शेजारचा