भिशीचं गणित लॉटरीला लावू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला लॉटरीवरचा लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा चहाबरोबर, दुसऱ्यांदा हातात पेन घेऊन. त्या लेखाच्या मधोमध जी पिवळी चौकट छापली आहे, तिच्याबद्दल हे पत्र आहे.

चौकटीत म्हटलंय की दोन अंकी सोडतीत आपला अंक लागण्याची शक्यता शंभरात एक, तेव्हा एकच अंक धरून सलग शंभर सोडती खेळलात की तो एकदा तरी लागणारच. खाली सल्लाही दिलाय, की जो अंक बरेच दिवस आलेला नाही त्याच्यावर लक्ष ठेवा, त्याची पाळी जवळ आलेली असते.

संपादक महोदय, हे धडधडीत चूक आहे. आणि ही चूक छापायच्या आधी तुमच्याकडच्या एकाही माणसाने शेजारच्या टेबलावर विचारू नये, याचा मला मनापासून राग आला आहे.

हे गणित भिशीचं आहे, लॉटरीचं नव्हे. आमच्या जेलरोडच्या भिशीत आम्ही वीस जणी आहोत. स्टीलच्या डब्यात वीस चिठ्ठ्या, महिन्याला एक निघते. जिचं नाव निघालं तिची चिठ्ठी आम्ही बाजूला काढतो, म्हणून वीस महिन्यांत प्रत्येकीला भिशी लागतेच लागते. लॉटरीत निघालेला अंक कुणी बाजूला काढत नाही. पुढच्या सोडतीला शंभरच्या शंभर अंक पुन्हा डब्यात असतात, आणि आधी काय निघालं याची त्या डब्याला काही खबर नसते.

काल संध्याकाळी भिशीच होती. चहा होईपर्यंत मी सगळ्यांना बसवून हे करून दाखवलं. वीस चिठ्ठ्या, वीस वेळा काढायच्या, पण काढलेली चिठ्ठी दर वेळी घडी घालून परत डब्यात. एकीचं नाव तीनदा आलं, पाच जणींचं दोनदा, सात जणींचं एकदा, आणि सात जणींचं एकदाही नाही. आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, माझी चिठ्ठी डब्यात टाकलीस तरी का?" डबा ताटात उपडा केला. चिठ्ठी होती.

सात म्हणजे वीसातल्या एक तृतीयांशाहून जास्त. शंभर अंकांचंही तसंच होतं. एका सोडतीत आपला अंक न येण्याची शक्यता 0.99. शंभर सोडतींत एकदाही न येण्याची शक्यता काढायची तर शंभर वेळा 0.99 घेऊन गुणाकार करायचा. मी मोबाइलवर केला, उत्तर 0.366 आलं. म्हणजे शंभर सोडती एक अंक धरून बसणाऱ्या शंभर माणसांपैकी साधारण 37 जण रिकाम्या हाताने उठतात. 'लागणारच' हा शब्द तुम्ही कुणाच्या भरवशावर छापलात?

एवढं पोटतिडकीने लिहायचं कारण सांगते. 2009 च्या दिवाळीत माझे धाकटे दीर आठवडाभर आमच्याकडे राहायला आले होते. ते लासलगावला एका कांदा व्यापाऱ्याकडे दिवाणजी होते. दिवाळीमुळे लिलाव बंद, हाताला काम नाही. तोंडी हिशेबात भाऊजींचा हात धरणारं कोणी नव्हतं. क्विंटलचा भाव कानावर पडला की हमाली, तोलाई वजा जाता शेतकऱ्याच्या हातात काय पडणार, ते ट्रॅक्टर पुढे सरकायच्या आत सांगायचे.

तेव्हा नाशिकरोडला गल्लोगल्ली कॉम्प्युटरवरच्या लॉटरीचे गाळे होते. आमच्या घराजवळच्या गाळ्यात सकाळी दहा ते रात्री नऊ, दर पंधरा मिनिटांनी सोडत. दिवसाच्या 45. दहा रुपयांना नऊशे. रविवारी दिवसभर 64 आला नाही हे भाऊजींनी पाहिलं आणि सोमवारपासून 64 धरला.

सोमवार-मंगळवार दहा-दहा रुपये. 90 सोडती झाल्या, नऊशे गेले. आता 64 लागला तरी नऊशेच येणार, म्हणून बुधवारी वीस-वीस. त्यात आणखी नऊशे गेले. गुरुवारी चाळीस, शुक्रवारी ऐंशी, शनिवारी एकशेसाठ. रोज रात्री जेवताना मला सांगायचे, "वहिनी, इतक्या सोडती झाल्या, आता तो येणारच." तुमच्या चौकटीतलं वाक्य मी काल पहिल्यांदा नाही, 2009 सालीच माझ्या स्वयंपाकघरात ऐकलंय. शनिवारी रात्री नऊला 270 सोडती पुऱ्या झाल्या आणि 14,400 रुपये संपले. 64 आला नाही. त्या पैशांत त्यांची दिवाळीची बक्षिशी होती आणि जाऊबाईंनी पुतणीच्या बारावीच्या क्लाससाठी दिलेले पैसे होते. त्या वर्षी तिचा क्लास लागला नाही.

मला तेव्हा वाटलं, गाळेवाल्याने काहीतरी लबाडी केली. आज हिशेब केला तर कळतं की लबाडीची गरजच नव्हती. 270 सोडतींनंतरही शंभरातले सहा-सात अंक एकदाही न आलेले राहतात, हे अगदी सरळ चालणाऱ्या यंत्रातसुद्धा होतं. शिवाय शंभरही अंकांवर दहा-दहा लावले तर हजार जातात आणि नऊशे परत येतात. दर सोडतीला शंभर रुपये गाळ्यात राहणार, मग कुठलाही अंक येवो. इतका साधा हिशेब भाऊजींसारख्या माणसाला दिसला नाही, कारण 'पाळी' या एका शब्दाने त्यांना धरून ठेवलं होतं.

त्यांची वही माझ्याकडे आहे. लाल कापडी बांधणीची, लक्ष्मीपूजनाला पुजलेली. पहिल्या पानावर 'श्री' आणि कुंकवाची बोटं, दुसऱ्या पानापासून सुबक अक्षरात सोडतींचे अंक, रोजचे 45, दिवसाअखेरीला खाली दुहेरी रेघ. हिशेबाच्या वहीत असते तशीच.

लेखातलं सगळंच चूक आहे असं मी म्हणणार नाही. 49 मधून 6 अंक निवडायच्या खेळात सहा अंकांचे वेगवेगळे संच किती होतात, त्याचा 1 कोटी 39 लाख 83 हजार 816 हा आकडा बरोबर दिला आहे. पण तो नुसता छापून काय उपयोग? 2011 च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या 61 लाखांवर होती. असे दोन नाशिक जिल्हे घ्या, इगतपुरीपासून मालेगावपर्यंत, तान्ह्या मुलांसकट, तरी हा आकडा भरत नाही. त्या सगळ्यांतून एक नाव काढायचं आणि ते आपलं असायचं. लेखक म्हणतात दहा तिकिटं घ्या, शक्यता दहापट होते. होते ना. पण आठवड्याला दहा वेगवेगळी तिकिटं घेतली तर सरासरी एकदा बक्षीस लागायला जवळजवळ 27 हजार वर्षं लागतील, हे त्याच ओळीत लिहायला हवं होतं.

कराचाही उल्लेख नाही. सप्टेंबर 2025 पासून लॉटरीवर 40 टक्के जीएसटी आहे, तोही तिकिटाच्या किमतीतच धरलेला, म्हणजे शंभराच्या तिकिटातले साडेअठ्ठावीस रुपये सोडत व्हायच्या आधीच गेले. बक्षीस दहा हजारांच्या वर असेल तर त्यातून 30 टक्के कर कापूनच पैसे हातात येतात. लेखात मात्र एक कोटीचे एक कोटीच धरले आहेत.

लॉटरीवर माझा राग नाही. आपली राज्य लॉटरी 1969 पासून चालू आहे. आमच्या बिल्डिंगमधले एक काका वर्षानुवर्षं आठवड्याला एक तिकीट घेतात, त्याच्या वर एक रुपया घालवत नाहीत आणि निकालाच्या दिवशी खुशीत असतात. त्यांना कुणी 'लागणारच' असं सांगितलेलं नाही.

माझी मागणी एवढीच की येत्या रविवारी, त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या पिवळ्या चौकटीत दुरुस्ती छापावी. आतल्या पानावर तळाला दोन ओळींचा खुलासा देऊ नये, तो कुणी वाचत नाही. आणि राशिभविष्याच्या सदरात रोज जो शुभ अंक देता, तो निदान लॉटरीच्या निकालाला चिकटून छापू नका.

निकालावरून आठवलं. त्या तक्त्याच्या बारीक टाइपाबद्दल मी गेल्या वर्षीही पत्र पाठवलं होतं, ते छापलं नाही आणि उत्तरही आलं नाही. 3 आणि 8 मधला फरक भिंगातूनसुद्धा कळत नाही. वर सांगितलेले काका त्यापायी मे महिन्याच्या उन्हात जेलरोडवरून बिटको चौकापर्यंत तिकीट घेऊन गेले आणि परत आले. वय वर्षं 78. तक्ता मोठ्या टाइपात छापावा, जागा लागली तर राशिभविष्यातून घ्यावी.

आपली,
एक वाचक
जेलरोड, नाशिकरोड